गाडी गार असताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

लागणारं साहित्य: पेट्रोलवर चालणारी एक गाडी, शक्यतो दहा वर्षं वापरलेली. थंडीची एक सकाळ. टॉर्च, जुना टॉवेल, एक वही. चहा, अंदाजे सहा कप. सल्ला देणारा एक शेजारी. हा आणावा लागत नाही, बॉनेट उघडलं की येतो.

ही मार्गदर्शिका नाशकात बसून लिहिली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. लडाखमध्ये उणे वीसला गाडी चालवणाऱ्यांनी आमच्या थंडीला हसू नये. डिसेंबर उजाडला की इथल्या पेपरात रोज निफाडचा पारा छापून येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला तो सहा नाहीतर पाच अंशांचा आकडा आम्ही शहरातले लोक आपल्याच अंगणात मोजल्यासारखा मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर ऐकवतो. तिकडे बागाईतदार द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवत असतो. इकडे आमच्या पार्किंगमध्ये नऊ-दहा अंश असतात, आणि तेवढ्यात माझी गाडी हुडहुडते.

तक्रार अशी. सकाळी सातला सेल्फ मारला की गाडी सुरू होते, पण तिचं मन लागत नाही. आरपीएमचा काटा हजारावर जातो, सहाशेवर येतो, पुन्हा वर जातो. स्टिअरिंग थरथरतं, आरशातली मागची भिंत हलते. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती जागचा हलत नाही, पण त्याच्यापुढचं सुकलेलं जास्वंद सरकत सरकत दाराशी येतं. सहा-सात मिनिटांनी सगळं आपोआप शांत. दुपारी काही नाही, संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच.

या दुखण्याला गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात. नवशिक्यानं हा शब्द आधी पाठ करावा, कारण ‘इंजिनाचं आयडलिंग अनियमित होतंय’ असं म्हणालात तर बिल वाढतं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेऱ्या मारतं. म्हणजे मिनिटाला १,६०० धमाके, सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. ते इतके खेटून होतात की आपल्याला नुसती गुणगुण ऐकू येते. त्यातला एखादा धमाका बुडाला की नाशिक ढोलच्या चौघांपैकी एकजण टिपरू खाली ठेवून तंबाखू मळायला बसल्यासारखं होतं. बाकीचे तिघे वाजवत राहतात, पण मिरवणूक लंगडते.

आता कशाला घाबरायचं नाही ते. थंडीत सुरू केल्यावर काटा १,२०० ते १,५०० वर जाऊन मिनिटा-दोन मिनिटांत खाली आला, तर ते इंजिनाचं शहाणपण आहे. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली, पाण्याचे थेंब ठिबकले, तरी घाबरायचं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन दिसेनासं होतं, थंडीत दिसतं. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ही वाफ बघून मला ‘हेड पॅकिंग गेलं’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या वेळी ते बोलत होते आणि त्यांच्याही तोंडातून वाफ येत होती.

पायरी पहिली: गाडी गॅरेजमध्ये नेऊ नका

ही पायरी मी तीनदा चुकलो.

आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांचं गॅरेज द्वारका चौकाच्या अलीकडे आहे. घरापासून सहा किलोमीटर. थरथरती गाडी घेऊन मी निघतो. पहिल्या सिग्नलला ती कुरकुरते, दुसऱ्याला सुधारते, आणि गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत तिचा काटा साडेसातशेवर असा स्थिर होतो, जणू रंगानं काढलाय. रात्रभर खोकून घर जागवणारं पोर डॉक्टरांच्या टेबलावर चढताच टणाटण उड्या मारतं, तसलाच प्रकार. उस्ताद बॉनेटवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात, उघडतात.

‘‘सर, गाडी एकदम ओके आहे.’’

‘‘अहो, सकाळी मिसिंग मारत होती.’’

‘‘आत्ता नाही मारत.’’

पहिल्या खेपेला त्यांनी माझ्या समाधानासाठी थ्रॉटल बॉडी साफ करून दिली. हे काम वाया गेलं असं नाही. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिनाला हवा तिथल्या झडपेच्या बारीक फटीतून मिळते, आणि त्या फटीवर वर्षानुवर्षं काजळी बसते. उस्तादांनी स्प्रे मारून पुसलेलं फडकं मला दाखवलं. आमच्या आजीच्या काजळाच्या डबीतही एवढं काजळ नव्हतं. (तुमच्या गाडीत झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर चावी चालू ठेवून तिच्यात बोट घालू नका. ती स्वतः मिटते आणि बोटाची वाट बघत नाही.) गाडी त्या दिवशी रेशमासारखी चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जास्वंद पुन्हा दाराशी.

बायको पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, ‘‘तुझी गाडी सकाळी आजारी असते आणि तू तिला दुपारी दवाखान्यात नेतोस.’’ हे वाक्य मी वहीत लिहून घ्यायला हवं होतं. मी त्या वेळी इंटरनेटवर बसलो होतो.

पायरी दुसरी: सल्ले घ्या

तुम्ही घेतले नाहीत तरी ते मिळणारच आहेत, तेव्हा ही पायरी ऐच्छिक समजू नये.

तळमजल्यावरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. बत्तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडली, जोडली. त्यांचं निदान कधी बदललं नाही. ‘‘नोझल बघ.’’ माझी गाडी पेट्रोलची आहे म्हटलं तर म्हणाले, ‘‘मग बारीक नोझल असेल.’’ तसं बघितलं तर काका अगदीच चूक नाहीत. पेट्रोलच्या इंजेक्टरलाही शेवटी बारीक तोंडच असतं, ते चिकटलं की फवाऱ्याऐवजी धार पडते, आणि गार इंजिनात धार जळत नाही. पण काकांनी वॉशिंग मशिनलाही नोझल बघायला सांगितलेलं मी ऐकलंय.

दुसऱ्या मजल्यावर इथेनॉलवाला पक्ष आहे. त्यांच्या मते सगळा दोष २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा. यात विज्ञान आहे, पण थोडं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सुरुवातीला ते नखरे करू शकतं. मात्र तेच पेट्रोल त्याच पंपावरून भरणाऱ्या दहा गाड्या शेजारी निवांत गुरगुरत असताना फक्त तुमचीच थरथरत असेल, तर निदान तिथेच थांबवू नये. त्या रात्रीचा वाद मात्र थांबला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ऊस, साखर कारखाने, सांगली, कोल्हापूर असा फिरत फिरत तो मध्यरात्री पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर येऊन मिटला.

तिसरा सल्ला मेहुण्याचा, आणि तो खरोखर कामाचा. तुमच्या गाडीत सीएनजी असेल तर नीट वाचा. बहुतेक सीएनजी गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन जरा तापलं की गॅसवर जातात. आपण मराठी माणसं गॅस भरायला रात्री दोन वाजता रांगेत उभे राहू, पण टाकीतल्या पेट्रोलला हात लावणार नाही. दोनशे रुपयांचं पेट्रोल गणपतीत टाकलेलं असतं आणि ते माघातल्या गणपतीपर्यंत पुरवायचं असतं. पेट्रोल शिळं होतं. त्यातला पटकन उडणारा, म्हणजे थंडीत नेमका हवा असलेला भाग आधी निघून जातो, आणि मागे राहतो तो चिकट आळस. सकाळची दोन मिनिटं गाडी त्या शिळ्या पेट्रोलावर खोकते, मग गॅसवर जाते आणि बरी होते. लक्षणं हुबेहूब माझ्या गाडीची. फक्त माझ्या गाडीत सीएनजी नाही.

पायरी तिसरी: बॅटरी

थंडीत बॅटरी मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं, दोघांचं ओझं सेल्फवर पडतं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर ती निवृत्तीला आली. माझी ठीक होती. बॅटरीवर एवढंच, कारण बॅटरीचा त्रास साधारण गाडी सुरू होताना होतो आणि माझी सुरू होऊन नंतर त्रास देते. जाता जाता ऑइलच्या डब्यावरचा ‘५डब्ल्यू-३०’ बघून घ्या. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. कंपनीनं हे ऑइल सांगितलेलं असताना कोणी ‘आपल्याकडं कुठे एवढी थंडी’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं असेल, तर सकाळचं इंजिन काकवीत पोहत असतं.

पायरी चौथी: प्लग आणि कॉइल

इथे नवशिक्याला पहिल्यांदा मेकॅनिक झाल्यासारखं वाटतं, म्हणून मी या पायरीवर दोन रविवार काढले.

स्पार्क प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. बाहेर काढून बघितली की पोटातलं कळतं. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर तब्येत ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत उतरतंय, आणि तुमच्या खिशाला भोक पडणार आहे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. ठिणगीची फट गाडीप्रमाणे ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या आसपास असते. वापरानं ती झिजून रुंद होते आणि मग ठिणगीला उडी जड जाते. प्लग हातानं फिरवून बसवावा, पाना शेवटी लावावा. पहिल्या आट्यापासून पाना लावणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या हेडातले आटे उडवलेले आहेत, आणि ते लोक अजून त्याबद्दल बोलत नाहीत.

माझे चारही प्लग काढून मी टॉवेलवर ओळीनं मांडले. टोकं जरा पांढुरकीच होती. हा पुरावा होता. माझ्या हातात, चष्म्यापासून वीतभर अंतरावर होता. मी वहीत लिहिलं, ‘प्लग स्वच्छ, छान,’ आणि परत बसवले. ‘पेट्रोल कमी पडतंय’ ही ओळ मला तेव्हा पाठ होती, वर दिलीय तशीच.

मग कॉइल. नव्या गाड्यांत बहुधा प्रत्येक प्लगवर आपापली कॉइल असते. संशय आला तर नवी विकत घेऊ नये, दोन सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करावी. स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर लावला की कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय ते कोडमध्ये येतं. पी ०३०१ म्हणजे पहिला, पी ०३०२ दुसरा, असं पुढे. पी ०३०० म्हणजे कोणीही, केव्हाही. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावल्यावर कोडही तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेला, तर चोर सापडला. या चाचणीला खर्च शून्य, म्हणून ती फारसं कोणी सुचवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची एवढं मात्र पाळा. मी उत्साहात कॉइली बदलल्या, प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला, आणि त्या सकाळी गाडी जरा बरी वाटली तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं हेच कळेना. श्रेय खरं तर त्या दिवशीच्या उकाड्याचं होतं.

माझ्या गाडीनं कोड काहीच दिला नाही. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवाही लागला नाही. तिच्या मते ती निरोगी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पायरी पाचवी: फाउंडेशन आणि एअर

कधी कधी इंजिन व्यवस्थित असतं, थरथरतो तो फक्त माणूस. इंजिन ज्या रबरी उशांवर बसवलेलं असतं त्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. थंडीत ते रबर कडक होतं आणि इंजिनाची नेहमीची किरकोळ थरथर थेट सीटपर्यंत पोचते. ओळखायचं कसं? कोणाला तरी आत बसवा आणि तुम्ही बाहेर उभं राहून आरपीएमचा काटा काय करतोय ते ओरडून विचारा. काटा स्थिर आणि सीट हलतेय, तर फाउंडेशन. काटाच नाचतोय, तर दुखणं पोटात आहे. माझा नाचत होता.

एअर घेणं हा दुसरा प्रकार. इंजिनात जाणारी हवा मोजून मापून जाते. मधल्या एखाद्या रबरी नळीला चीर पडली की न मोजलेली हवा आत घुसते. थंडीत रबर आक्रसतं, चीर उघडते. इंजिन तापलं की रबर सैलावतं, चीर मिटते. कान लावला तर बारीक ‘सूं’ ऐकू येतो. आमच्याकडे तो सकाळी सातला ऐकू येत नाही, कारण त्याच वेळी घंटागाडी गाणं लावून येते. इंटरनेटवरचे पैलवान चालू इंजिनावर पेट पकडणारे स्प्रे मारून चीर शोधतात. तुम्ही शोधू नका. बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये तर ‘जरा ऐकतो’ म्हणून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो सूचना देत नाही.

पायरी सहावी: जुन्या दिवसांची आठवण काढा

हिचा उपयोग नाही असं वाटेल. पण निदान मला इथेच सापडायला हवं होतं.

वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिच्या डॅशबोर्डपाशी चोकचा खटका असायचा. थंडीच्या सकाळी वडील आधी बाहेर येऊन दोन मिनिटं नुसते उभे राहत. हात चोळत, आभाळाकडे बघत. मग आत बसून चोक ओढायचे. कधी पुरा, कधी अर्धा. अर्धा किती, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं भिंतींना चिकटून राहतं, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, एवढंच त्या चोकचं काम. एरवी एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असं वजनानं गणित असतं. थंडीत ते मुद्दाम मोडावं लागतं. इंजिन तापत गेलं की वडील आवाजावरून चोक हळूहळू आत ढकलत. एकदा काकानं घाईत पुरा चोक ओढून पाच वेळा सेल्फ मारला, तेव्हा पेट्रोलच्या वासानं गल्लीतला विडीवाला उठून लांब जाऊन बसला.

नंतर कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शन आलं, चोकचा खटका गेला. पण चोकचं काम गेलं नाही. ते आता इंजिनाचा संगणक करतो. थंडी किती आहे हे त्याला वडिलांसारखं आभाळाकडे बघून कळत नाही. त्याला एक सेन्सर सांगतो. करंगळीएवढा, कूलंटमध्ये नाक बुडवून बसलेला. कूलंट गार असेल तर त्याचा विद्युतरोध वाढतो, २० अंशांना साधारण दोन-तीन हजार ओहम. गरम झालं की कमी होतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. त्या आकड्यावर संगणक किती चोक ‘ओढायचा’ ते ठरवतो. हे सगळं मी एका जेवणावळीत मेहुण्याला सविस्तर समजावून सांगितलं, त्याची वाहवा घेतली आणि घरी येऊन पुन्हा प्लग काढले.

पायरी सातवी: उस्तादांना घरी बोलवा

डोंगर महंमदाकडे जात नसेल तर, वगैरे. चौथ्या फोननंतर उस्ताद तयार झाले. ‘‘सर, गाडी रात्रभर गॅरेजला सोडा, सकाळी मी गार असतानाच सुरू करून बघतो,’’ हा त्यांचा मूळ प्रस्ताव जास्त शहाणपणाचा होता, पण मला सकाळी ऑफिस होतं. शेवटी त्यांनी गुरुवारी सकाळी साडेसहाला यायचं ठरलं.

बुधवारी रात्री ढग आले. बागाईतदारांच्या कपाळाला आठ्या पडतात तसले, डिसेंबरातले. ढगाचं पांघरूण असलं की रात्री थंडी पडत नाही. गुरुवारी सकाळी सतरा अंश होते. उस्ताद टोपी, स्वेटर घालून मोटरसायकलवर आले, मी मफलर गुंडाळून खाली उतरलो, काका न बोलावता हजर होते. बॉनेट उघडलं. मी वाकलो.

‘‘सर, आधी मफलर काढा.’’

‘‘म्हणजे दोष सायलेन्सरमध्ये आहे?’’

‘‘गळ्यातला. पट्ट्यात जाईल.’’

सेल्फ मारला. गाडी किंचित कुरकुरली आणि अर्ध्या मिनिटात गुणगुणायला लागली. आम्ही तिघं तिच्याभोवती चहाचे कप धरून उभे राहिलो. कोणीच काही बोलेना. शेवटी उस्तादांनी तळहात बॉनेटवर ठेवला. ‘‘सर, गाडी...’’

‘‘माहीत आहे,’’ मी म्हणालो.

‘‘नोझल,’’ काका म्हणाले.

पायरी शून्य

ही पायरी सर्वांत आधी करायची असते. इथे शेवटी येतेय, कारण ती मला शेवटी कळली, आणि तीही मला नाही, मुलीला.

फोनला ब्लूटूथनं जोडायचा काडेपेटीएवढा स्कॅनर मी दरम्यान मागवला होता. रविवारी निफाडच्या पाऱ्यानं पुन्हा पेपरात चौकट मिळवली. पार्किंगमध्ये नऊ अंश. मुलगी सातवीत आहे, तिला फोन हातात मिळणार होता म्हणून तीही रविवार असून उठली. मी तिला म्हटलं, चावी फक्त एक टप्पा फिरव, इंजिन सुरू करू नकोस, आधी स्कॅनर जोडला जातोय का बघू. ही निव्वळ सावधगिरी होती, यात माझी कसलीही हुशारी नव्हती. ती आकडे वाचायला लागली. बॅटरी १२.५. आत येणाऱ्या हवेचं तापमान ९.

मग ती थांबली. ‘‘बाबा, गाडीला ताप आहे.’’

‘‘काय?’’

‘‘कूलंट ६१.’’

मी बॉनेटवर हात ठेवला. लोखंड इतकं गार होतं की हात मागे आला. गाडी रात्रभर उभी होती. रात्रभर उभ्या गाडीत हवा, पाणी, लोखंड सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. म्हणजे सकाळी, चावी लावून, इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही आकडे जवळपास सारखे दिसायला हवेत. एक नऊ आणि दुसरा एकसष्ट असूच शकत नाही. आणि ही तफावत दिसते फक्त तेवढ्याच क्षणी. इंजिन तापलं की ६१ हा आकडा खरा होतो, ७०, ८० पण खरे होतात. सेन्सर सकाळी सातला खोटं बोलत होता आणि सव्वासातला त्याचं खोटं आपोआप खरं ठरत होतं. आम्ही दर वेळी सव्वासातनंतर चौकशीला जात होतो.

संगणकाची काय चूक? इंजिन तापलेलं आहे असं त्याला सांगितलं गेलं, त्यानं चोक ओढला नाही. पेट्रोल कमी पडलं, सिलिंडर उपाशी राहिले, प्लग पांढुरके झाले (वहीतली नोंद: ‘स्वच्छ, छान’). दिवा लागला नाही, कारण ६१ हा सभ्य, विश्वासू आकडा आहे. सेन्सरची वायर तुटली असती तर संगणकाला उणे चाळीस दिसलं असतं आणि त्यानं लगेच बोंब मारली असती.

आरपीएमचा नाच बघायला मग मी गाडी क्षणभरच सुरू केली. जास्वंद दाराशी आलं. या वेळी मला त्याचा राग आला नाही.

उस्तादांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘इंजिन गार आहे ना अजून? मग आता बंदच ठेवा.’’ हाही धडा घ्या. हा सेन्सर तापल्या इंजिनावर काढायचा नसतो. कूलंट दाबाखाली असतं, कारंजं अंगावर येतं, आणि ते शंभर अंशांच्या आसपासचं असतं. थोडक्यात, हे दुखणं शोधायचं गार असताना आणि काढायचंही गार असताना. उस्ताद नवा सेन्सर खिशात घालून आले. जुन्याचं कनेक्टर ओढलं, तर आत हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखा गंज. कूलंट झिरपून पिनांपर्यंत पोचलं होतं आणि दोन पिनांमध्ये त्यानं चोरवाट केली होती. रोध कमी, म्हणजे ताप जास्त.

‘‘कूलंट कोणी टाकलं होतं?’’ उस्तादांनी विचारलं.

‘‘मीच. गेल्या वर्षी.’’

‘‘कुठलं?’’

मी नळाकडे बघितलं. गंगापूर धरणाच्या पाण्याबद्दल आम्हा नाशिककरांना फार अभिमान आहे, पण ते गाडीत ओतायचं नसतं. उस्ताद सभ्य माणूस, काही बोलले नाहीत. फक्त बिलात सेन्सरच्या खाली ‘कूलंट’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

पुरवणी: जुना सेन्सर फेकू नका

सोमवारी सकाळी आठ अंश होते. गाडी सुरू केली, काटा १,४०० वर गेला, दमानं उतरत ८०० वर आला. मी उगाच दहा मिनिटं बसून राहिलो. बायको वरून म्हणाली, ‘‘बरी झाली ना? मग ऑफिसला जा.’’

संध्याकाळी मुलीनं जुना सेन्सर बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि त्याला मल्टिमीटर लावला. त्या थंडीत पाच-सहा हजार ओहम दिसायला हवेत. मीटरवर सहाशेच्या आत-बाहेर आकडा. बर्फात बसूनही तो आपण तापलोय असंच सांगत होता. तिनं ते शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पक्कं केलं. तेवढ्यात काका रेशनकार्डाच्या झेरॉक्ससाठी वर आले. ग्लासातून सेन्सर काढून त्यांनी उजेडाकडे धरला, अंगठ्यानं टोक पुसलं, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितलं.

‘‘हेच ते,’’ काका म्हणाले. ‘‘बारीक नोझल.’’